फुगत्या ताऱ्याचं तोरण

यंदाही क्रॉसिंगचा हंगाम आला आणि घरभर लोकर झाली. उशीला लोकर, झाडूला लोकर, कपाच्या कानात लोकर. परवा वरणातून लाल धागा निघाला तर आमचे हे शांतपणे म्हणाले, "बरं झालं दिसला. मी मिरची समजून चावणारच होतो."

जाफराबादकडच्या आमच्या गावात शेडनेटखाली मिरचीचं बियाणं पिकतं. संध्याकाळी मादीच्या ओळीतल्या कळ्या हलक्या हातानं सोलायच्या, सकाळी त्यांना नराच्या ओळीतला पराग लावायचा, आणि हे फूल झालं याची खूण म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. एवढ्याला आम्ही सगळे 'क्रॉसिंग' म्हणतो. आमचे धाकटे दीर बापू या हंगामात शेडनेटमध्ये फिरत असतात आणि त्यांचा एकच मंत्र चालू असतो. "गाठ ढिली ठेव वं माय. देठ फुगत असतो. आवळली की गळालं फळ, मंग मह्याकडं बघू नका." दर वर्षी, दर ओळीत, दर बाईला. मी या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, ते संसाराबद्दल बोलतायत.

शेडनेटमध्ये संध्याकाळी जो वास येतो तो मला शब्दांत धरता येत नाही. ओली माती, तापलेली जाळी, मिरचीच्या पानांचा हिरवा तिखटपणा, आणि बायकांच्या डब्यातलं शिळं पिठलं. हा वास आला की माझी मान आपोआप वर जाते. जाळीतून आकाश चौकटी-चौकटींचं दिसतं आणि मी त्यात दक्षिणेला श्रवणाचा तारा शोधते, मग त्याच्या थोडं खाली तो. नुसत्या डोळ्यांना तो अगदीच बेताचा आहे. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभा असलेला एखादा लांबचा नातेवाईक असावा, तसा. पण मला विचाराल तर अख्ख्या आकाशात आमच्या ओळखीचा तोच एक. बाकी सगळे नुसतेच तारे.

ही ओळख करून दिली रेणूनं. रेणू म्हणजे बापूंची मुलगी, माझी पुतणी. ती मला मोठीआई म्हणते. तेव्हा ती जालन्याला एम.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला ती जीपमधून उतरली ती दोन खोकी घेऊन. एक मोठं, त्यात तिच्या सरांची दुर्बीण. एक लहान, काळ्या प्लायवूडचं, तिनं स्वतः ठोकून-चिकटवून केलेलं. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या जावेनं, सुनंदानं, लहान खोकं हातात घेऊन हलवून पाहिलं.

"काय हाय यात? फराळ आणलास का होस्टेलचा?"

"आई! हलवू नको! त्यात काच आहे!"

त्या खोक्याचं खरं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात त्याचं नाव त्याच क्षणी 'डबा' पडलं.

डब्याचं काम मला समजलं ते असं. दुर्बिणीनं ताऱ्याचा उजेड धरायचा आणि डब्यात सोडायचा. डब्यातल्या काचेवर इतक्या बारीक रेघा कोरलेल्या असतात, की उजेडाचे रंग सुटे होऊन त्यांचा पट्टा पडतो, त्याचा फोटो लॅपटॉपवर घ्यायचा. त्या पट्ट्यात मध्ये मध्ये काळ्या रेषा असतात. ताऱ्याच्या अंगावरचा वायू ठरावीक रंग गिळतो, त्या या रेषा. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. "फाट्यावरून येणाऱ्या एसटीचा हॉर्न बारीक वाटतो आणि पुढं गेल्यावर जाड, तसंच," रेणू म्हणाली. मी पुढचे दोन दिवस फाट्यावर कान लावून उभी होते. कंडक्टरनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, चढायचं का न्हाई?"

आणि हा तारा मुळात कुठं येत-जात नव्हता. तो जागेवरच होता, पण फुगत होता आणि बसत होता. फुगताना त्याचं आपल्याकडचं अंग आपल्या दिशेनं येतं, बसताना मागं जातं.

"म्हणजे श्वास घेतो?" मी विचारलं.

"श्वास नाही गं मोठीआई. डाळीवरचं झाकण कसं असतं? वाफ कोंडते, झाकण उचलतं, वाफ जाते, झाकण बसतं. पुन्हा कोंडते. त्याच्या अंगात तसा एक थर आहे, उष्णता कोंडून धरणारा."

सुनंदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तेलाचा एक थेंब टाकावा. उतू जात न्हाई."

हे सगळं व्हायला त्याला आठवड्याहून थोडा जास्त वेळ लागतो. आठवडी बाजाराचा बाजारकरी तारा म्हणायचा, पण दर बाजाराला काही तास उशिरा पोचणारा. आमचे हे लगेच म्हणाले, "मंग माझ्याच राशीचा हाय तो."

हसण्यावारी चाललं होतं, पण रेणूच्या मानेवर मात्र ओझं होतं. तिचे सर म्हणाले होते, एवढ्याशा घरगुती डब्यानं हे दिसणं अवघड आहे. मोठ्या वेधशाळांचे आकडे तयार मिळतात, त्यावर प्रकल्प लिही आणि मोकळी हो. ही म्हणाली होती, मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघू द्या. तेव्हा त्यांनी स्वतःची दुर्बीण देऊन अट घातली. पाडव्याच्या सकाळी ते गाडीनं आष्टीकडं जाणार होते, तिथल्या शाळेतल्या मुलांना ग्रह दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. जाताना दुर्बीण घेऊन जातील. तोवर हिच्या पट्ट्यांत ताऱ्याचं फुगणं आणि बसणं दोन्ही दिसलं तर हिचा प्रकल्प हिचा. नाहीतर तयार आकडे. त्यांचंही चूक नव्हतं. पण पोरगी जेवताना घास हातात धरून आकाशाकडे बघायची, ते मला बघवत नसे.

आकाश तरी कुठं सरळ होतं! सुट्टीचा पहिला आठवडा परतीच्या पावसानं खाल्ला. शेडनेटचे पडदे टपटपत राहिले, गच्चीत चिखल झाला आणि त्या ढगांच्या पलीकडे ताऱ्यानं आपला एक अख्खा फेरा आम्हाला न विचारता उरकून घेतला. मग एका संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ झालं, की बापू शेडनेटमधून ओरडतच आले, "रेणे, जल्दी चल! उघडलं!" त्याआधी या माणसाला दुर्बिणीत काडीचा रस नव्हता. "ताऱ्याचा भाव काय चाललाय क्विंटलला?" एवढंच ते विचारायचे.

आता पावसानंतरची ती ओल! हवेला नुसता हात लावला तरी पिळून निघाली असती. दिवस मावळला की पाच मिनिटांत दुर्बिणीच्या काचेवर दव. पुसायचं नाही, काचेवर चरे पडतात. मग माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला आलेला केस वाळवायचा हेअर ड्रायर कपाटातून बाहेर निघाला. माझ्या केसांना तो एकदाच लागला होता आणि त्यांनी बंड केलं होतं. दुर्बिणीच्या काचेला मात्र तो मानवला. तर माझ्याकडं खातं आलं ते दवाचं. रोज संध्याकाळी मी पदर खोचून, ड्रायर पिस्तुलासारखा धरून, काचेच्या तोंडाशी उभी. "दव निवारण मंत्री," हे म्हणायचे. दव काही हटत नव्हतं. मी त्याला इतक्या शिव्या दिल्या, की कौलावरचं मांजर गाव सोडून गेलं.

त्या गच्चीवर कपड्यांची दोरी आहे. रेणूनं पहिल्या दिवशी रेषा किती सरकली ते लॅपटॉपवर मोजलं आणि त्या मापाचा लोकरीचा धागा कापून दोरीला लटकवला. "लांब धागा म्हणजे अंग आपल्यापासून दूर चाललंय, आखूड म्हणजे आपल्याकडे येतंय. रोज एक बांधायचा." पहिला धागा मधल्याच लांबीचा. दुसऱ्या दिवशीचा थोडा लांब. तिसरा आणखी. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, तो तिसरा धागा दोरीवर चढला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे खरंच! तिकडे इतक्या दूर, आपल्या सूर्याला खिशात घालेल एवढा गोळा खाली बसतोय, आणि इकडे आमच्या गच्चीवर लोकर लांब होतेय! मी त्या दिवशी भाकऱ्या करता करता सारखी वर पळत होते, धागा बघायला. जणू मी नसताना तो वाढला असता.

"माझे कपडे कुठं वाळू घालू मी?" सुनंदा ओरडायची. "ताऱ्याला आभाळ कमी पडलं का, तर माझी दोरी घेतली?"

पण कपडे तिनं खाली अंगणातल्या तारेवर टाकायला सुरुवात केली. आणि शेडनेटमधून येताना ती ओंजळीत लोकर आणायला लागली, लाल, पिवळी, रोजचा रंग वेगळा. "तोरणच होऊन राह्यलंय की गं हे," ती एकदा दोरीखाली उभी राहून म्हणाली.

या सगळ्यात एक लहानशी गोष्ट होती, तिच्याकडं आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. रेषा सरकली हे कळायला न सरकणारी पट्टी लागते. ती पट्टी म्हणजे डब्याच्या कडेला बसवलेला निऑनचा चिमुकला दिवा. जुन्या स्विचबोर्डावर लाइट आहे याची खूण म्हणून जो नारिंगी लुकलुकतो, तोच. त्याचा उजेड डब्यातून नेला की ठरलेल्या जागी ठरलेल्या रेषा पडतात, फूटपट्टीवरच्या खुणांसारख्या. ताऱ्याच्या फोटोच्या आधी आणि नंतर त्या दिव्याचा फोटो घ्यायचा. दिवा जुना होता, मिणमिणायचा. पण त्याच्या रेषा जागच्या हलत नव्हत्या.

धागे रोज लांब होत गेले. आणि जसजसे ते लांब झाले तसतशी रेणू गप्प. मी म्हटलं, अगं चांगलंच होतंय ना? ती म्हणाली, "एकाच बाजूला सरकतंय, मोठीआई. सर म्हणतील, थंडीनं तुझा डबाच आकसतोय. एकदा तरी मागं यायला पाहिजे. हा तारा सावकाश बसतो आणि एकदम उसळतो. हिशेबानं अमावस्येच्या संध्याकाळी तो उसळलेला असेल. त्या दिवशी धागा एकदम आखूड आला, तरच."

अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पाडवा आणि सर.

त्या संध्याकाळी घरात तह झाला. पणत्या पुढच्या दारी, अंगणात, तुळशीपाशी, शेडनेटच्या तोंडाशीही. पण गच्चीवर एकही नाही. पूजा लवकर उरकली. मी देवाला हात जोडले आणि त्याच हातात ड्रायर घेतला. गावात फटाके अजून वाजायचे होते, नैर्ऋत्येला तारा नीट दिसत होता. रेणूनं फोटो घेतले. एक, आणखी एक, आणखी. मग तिनं सगळं उतरवलं, दुर्बीण खोक्यात गेली, डबा सुटा झाला. आम्ही करंज्या खाल्ल्या. मोजमाप सकाळी, ती म्हणाली.

सकाळी सर आले, चहा घेतला, दुर्बीण घेतली, "काय निघालं ते फोनवर सांग" म्हणाले आणि गेले. गाडी फाट्यावरून वळेपर्यंत रेणू दारात उभी होती. मग तिनं लॅपटॉप उघडला. आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

दिव्याच्या फोटोत रेषाच नव्हत्या. नुसता तांबडा फराटा, कुंकू सांडल्यासारखा.

"दिवा कुणी बदलला?"

मग ओट्यावर बसलेले बापू हळूच म्हणाले, "म्या."

लक्ष्मीपूजनाला घरात मिणमिणता दिवा ठेवू नये, ही त्यांच्या आईची शिकवण. दर वर्षी त्या दिवशी ते घरातला एकूण एक मंद दिवा काढून नवा लावतात. त्या वर्षी त्यांनी स्विचबोर्डावरचे सगळे जुने दिवे काढून नवे एलईडी बसवले होते, आणि तेवढ्यात त्यांना गच्चीवरच्या डब्याचा तो गरीब लुकलुकता दिवा दिसला. पोरीच्या शेवटच्या संध्याकाळी, ऐन लक्ष्मीच्या वेळी! "म्हटलं सणासुदीला तुझ्याच डब्यात अंधार कशापायी," ते म्हणाले. "चांगला नवा बसवला, रेणे. लख्ख उजेडाचा."

लख्खच होता. पण एलईडीच्या उजेडात खुणा नसतात. फूटपट्टीवरचे आकडे पुसून तिला चमकदार रंग दिल्यासारखं. ताऱ्याचा फोटो सुरेख आला होता आणि तो मोजायला पट्टी नव्हती. दुसरा दिवा आणून पुन्हा करावं तर दुर्बीण आष्टीच्या वाटेला लागलेली, डबा सुटलेला, तारा पुढं गेलेला.

रेणू बापूंना एक शब्द बोलली नाही. तीच तर पंचाईत. बापू उठले आणि सरळ शेडनेटमध्ये गेले, पाडव्याच्या दिवशी, जेव्हा तिथं एकही बाई नव्हती. दिवसभर ओवाळून घ्यायलाही आले नाहीत. सुनंदानं ताट तिथं नेलं. परत आल्यावर म्हणाली, "ताई, आजवर गाठी ढिल्या करायला सांगायचे, आज स्वतःच मुकाट्यानं एकेक गाठ सोडून पुन्हा बांधून राह्यले."

संध्याकाळी रेणू लॅपटॉपपुढं नुसती बसलेली. मी चहा घेऊन गेले. पडद्यावर तो शेवटचा पट्टा होता. मला त्यात जाड काळ्या रेषांच्या मधे बारीक रेघोट्या दिसल्या, केसासारख्या. म्हटलं, पोरगी रडली असेल, हात लागले असतील. मी पदराच्या टोकानं पडदा पुसला. रेघोट्या जाईनात. आणखी जोरात पुसला.

"मोठीआई, काय करतेस?"

"ओरखडे पडलेत गं. रोजच दिसतात मला. रोज तिथंच."

"ओरखडे नाहीत ते. ती आपली ओल आहे. हवेतलं पाणी. ताऱ्याचा उजेड आपल्या गच्चीवरच्या दमट हवेतून येतो ना, ती पण थोडा रंग गिळते. सगळ्या फोटोंत घाण करून ठेवलीय तिनं..."

आणि ती थांबली.

मी तिच्याकडं बघत होते. असं थांबणं मी एकदाच बघितलं होतं, ती लहानपणी पहिल्यांदा सायकलवर एकटी पुढं गेली तेव्हा. आपण पडलो नाही हे लक्षात आल्यावर जो एक क्षण असतो, तो.

"रोज तिथंच?" ती म्हणाली. "मोठीआई, रोज तिथंच! ती ताऱ्याबरोबर सरकत नाही! ती आपली आहे, ती कुठं जाणार? अगं, तीच पट्टी आहे!"

पुढचा तास आमच्या घरात जी धांदल उडाली ती लग्नातही उडाली नव्हती. आधी पडताळा. मागच्या दिवसांच्या फोटोंत दोन्ही होतं, निऑनही आणि ओलही. दोन्ही पट्ट्यांनी मोजून उत्तर जुळतं का बघायचं. पहिला दिवस, जुळलं! दुसरा, जुळलं! हे ओट्यावरून क्रिकेटसारखी कॉमेंट्री करायला लागले. सुनंदा चुलीवरचं दूध विसरली आणि ते उतू गेलं. तेलाचा थेंब कुणी टाकला नव्हता. रेणू म्हणाली, यात पृथ्वीची धाव पण वजा करावी लागते, आपणही स्वस्थ नसतो, सूर्याभोवती पळत असतो. म्हटलं, वजा कर बाई, जे काय वजा करायचं ते कर, पण लवकर कर!

ज्या दवाला मी अख्खी दिवाळी शिव्या घातल्या होत्या, त्याचीच ओल प्रत्येक फोटोत मुकाट्यानं आमच्या गच्चीची खूण करून ठेवत होती. पाऊस नसता झाला, हवा कोरडी असती, तर त्या रेघोट्या इतक्या ठळक उमटल्याच नसत्या. विज्ञानाला माझं योगदान म्हणजे एकदा पडदा पुसणं आणि जे पुसलं गेलं नाही त्याबद्दल तक्रार करणं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि न विचारता तर नक्कीच सांगते.

आकडा आला. रेणूनं तो दोनदा बघितला. मग सुनंदाच्या शिलाईच्या टेपनं लोकर मोजली आणि कापली. आखूड. इतकी आखूड, की चिमटीत मावेल. बाकीच्या धाग्यांची रांग खाली-खाली उतरत गेलेली, आणि हा एकदम वर, दोरीलाच लागून. तारा उसळला होता! आमच्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आम्ही करंज्या खाण्याच्या जरा आधी, तो अंग फुगवून आमच्या दिशेनं येत होता. म्हणजे तो उजेड निघाला होता फार पूर्वी, पण आमच्यापाशी पोचला तेव्हाच. उशिरा येणारा नातेवाईक, पण आला.

धागा घेऊन रेणू गच्चीवर गेली नाही. ती शेडनेटमध्ये गेली. आम्ही सगळे मागोमाग. बापू एका ओळीच्या टोकाला उकिडवे बसले होते.

"बापू, चला. गाठ मारायचीय."

"मला कशाला बोलावतीस? पुन्हा काही बदलून ठेवीन."

"चला तर. तुमच्यासारखी गाठ कुणाला येत नाही."

ते तिच्या चिमटीतल्या लोकरीकडं बघत राहिले. "इत्तुसा?"

"इत्तुसाच. मागं आला तो, बापू. परत आला."

त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं करून. गच्चीवर आले. सगळे धागे न्याहाळले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीतली झाडं बघावीत तसे. मग मोकळ्या राहिलेल्या जागी दोरीला तो धागा बांधला. रेणूनं ओढून बघितला. हलत होता, बोट जाईल एवढी फट.

"ढिली झाली की, बापू."

"राहू दे," बापू म्हणाले. "फुगतो म्हणलीस ना? जागा ठेवली."